वळण आलं की सांगायचं

जहाज सकाळी आठला पेनांगच्या धक्क्याला लागलं आणि दुपारी चारला सुटणार होतं. साडेतीनच्या आत जो परत चढणार नाही, तो राहिला, असं आदल्या रात्रीच सगळ्यांना बजावून झालं होतं. बाकीचे प्रवासी छातीवर आपापल्या गटाचे आकडे चिकटवून देवळं आणि भिंतींवरची चित्रं बघायला गेले. गेक सिमने आकडा लावून घेतला नाही. अडुसष्ट वर्षांची ती बाई काळी छत्री काखेत मारून एकटीच किंबर्ली रस्त्याकडे चालू लागली. हे शहर तिच्या जन्माचं होतं, ते तिला बघायचं नव्हतं. तिला आपली आई न्यायची होती.

आई जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. तिच्या नावाची लाकडी पाटी, जिच्यात गेलेलं माणूस वस्तीला असतं असं मानतात, किंबर्ली रस्त्यावरच्या चुलतभाऊ तेक होंगच्या देव्हाऱ्यात होती, आणि तेक होंग आता जुनं घर रिकामं करून मुलाच्या फ्लॅटवर निघाला होता. सुनेला देव्हारा नको होता. 'पाटी देवळात ठेवू, तिथे शेकडो पाट्या आहेत,' असं त्याने फोनवर सांगितलं, तेव्हाच पर्थच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या गेक सिमने ठरवलं, की आई गर्दीत राहणार नाही. कानाच्या दुखण्यापायी डॉक्टरने विमान बंद केलं होतं. मग बोट तर बोट.

"ताई, तू लग्न होऊन गेलेली," तेक होंग म्हणाला. सकाळपासून तो हेच म्हणत होता. "पाटी मुलगा नेतो, नाहीतर पुतण्या. लेकीच्या मागे कुणाची आई गेलेली ऐकलंयस?"

"मुलगा आहे कुठे तिला? आणि पुतण्या तिला देवळात टाकतोय."

"टाकतोय काय? ठेवतोय!"

"मग तिलाच विचारू की."

विचारायची रीत ठरलेली. चंद्रकोरीसारखे लाकडाचे दोन तुकडे, एका बाजूने सपाट, दुसरीकडून फुगीर. ओंजळीत धरून प्रश्न विचारायचा आणि खाली सोडायचे. एक सपाट, एक फुगीर पडला की होकार. दोन्ही फुगीर वर आले की नकार. आणि दोन्ही सपाट वर आले, तर गेलेलं माणूस हसतंय, प्रश्न नीट विचार म्हणतंय.

गेक सिमने कौल लावला. पहिल्याच झटक्यात होकार.

तेक होंगचं तोंड एवढंसं झालं. पण माणूस मनाचा वाईट नव्हता. त्याने पाटी लाल कापडात बांधली, ते दोन तुकडेही तिच्या पिशवीत टाकले आणि दारात पुन्हा पुन्हा सांगितलं, "छत्री मिटू नकोस, तिला ऊन सोसायचं नाही. आणि वळण आलं की सांगायचं. नाही सांगितलंस, तर ती तिथेच उभी राहील."

"मला शिकवू नकोस," असं म्हणून ती सायकलरिक्षात बसली.

पेनांगच्या सायकलरिक्षात बसणारा पुढे असतो आणि चालवणारा मागे. त्यामुळे छत्री उघडताच चालवणाऱ्या झैनोलला समोरचं काही दिसेना.

"आंटी, छत्री खाली घ्या. रस्ता दिसत नाही."

"छत्री खाली येणार नाही. तुम्ही मान वाकडी करा."

झैनोल सत्तरीचा होता, पण पायात जोर होता. लाल कापड बघून तो काय ते समजला. "तुमच्या चिनी लोकांच्या तीन म्हाताऱ्या मी पोचवल्यात," तो म्हणाला. "एकीनेही कधी कुरकुर केली नाही. कुरकुर करतात त्या जिवंत असलेल्या."

गेक सिम हसली. मग पहिलं वळण आलं. "आई, डावीकडे वळतोय गं," ती मोठ्याने म्हणाली. रस्त्यावरच्या कुणी मान वर केली नाही.

पुढच्या नाक्यावर, जिथे चुलिया रस्ता लागतो, तिथे मात्र घोटाळा झाला. जहाजावर तिच्याच टेबलाला जेवणारी शेरील, छातीवर चौदा आकडा आणि हातात नारळ, रिक्षाला आडवीच आली. "अगं, तू इथे! काय खरेदी केलंस? बघू की!" तिचा हात लाल कापडाकडे आला. गेक सिमने पाटी छातीशी धरली. काहीतरी थातूरमातूर सांगून तिने शेरीलला वाटेला लावलं, तोवर झैनोल उजवीकडे वळलाही होता.

धक्क्याच्या फाटकाशी पोचल्यावर तिला चुटपुट लागली. मोठमोठ्याने सांगितलेली वळणं तिने बोटांवर मोजली. एक कमी भरत होतं. तिने फरशीवर रुमाल पसरून विचारलं, "आई, आलीस ना?"

दोन्ही फुगीर. पुन्हा विचारलं, पुन्हा दोन्ही फुगीर.

घड्याळात पावणेतीन झाले होते. "मागे चला," ती म्हणाली.

"आंटी, जहाज सुटेल."

"जहाज कुणाचं थांबलंय? चला म्हणते ना!"

नाक्यावर उतरली आणि तिने खांबाला हात लावला. शेरीलच्या गडबडीत तिने जागा नीट पाहिलीच नव्हती. इथे, याच खांबाशी, आईची नूडल्सची गाडी असायची. पहाटेपासून आई इथे उभी असायची आणि गाडीच्या वाफेत तिचा चेहरा ओला असायचा. झैनोलने अदबीने पाठ फिरवली आणि तो चेनला तेल घालत बसला.

"आई, इथे आहेस?" होकार.

"चल ना मग माझ्याबरोबर." दोन्ही सपाट. हसतेय.

"चेष्टा पुरे. वेळ नाही. येतेस ना?" पुन्हा सपाट. तिसऱ्यांदाही तेच.

तीन वाजून दहा झाले. गेक सिमने तुकडे पुन्हा उचलले. आई असं हसायची, ते तिला चांगलं ठाऊक होतं. पोरगी थाप मारतेय हे कळलं, की आई काही न बोलता असंच हसायची आणि कढईत झारा फिरवत राहायची.

त्या सकाळीही हसली होती. चोवीस वर्षांची गेक सिम पिशवी घेऊन इथूनच चालली होती. पलीकडच्या किनाऱ्यावर हवाई दलाच्या छावणीत तिचा ऑस्ट्रेलियन सैनिक वाट बघत होता. आईने विचारलं, "कुठे निघालीस?" ती म्हणाली, "बाजारात. अंडी आणायला." आई हसली आणि तिने एकदाही हटकलं नाही. त्यानंतर पत्रं गेली, फोटो गेले, आईला वाचता येत नव्हतं. आई गेल्याचंही तिला महिन्याने कळलं.

एक वळण आज सांगायचं राहिलं होतं. दुसरं चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, याच जागी.

तिने तुकडे ओंजळीत धरले. भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मधोमध, ती गुडघ्यांवर बसली.

"आई, मी अंडी आणायला नव्हते चालले. मी पलीकडे जाणाऱ्या फेरीबोटीकडे चालले होते. तू अडवशील म्हणून सांगितलं नाही. चुकले मी. आता सांगते. उजवीकडे वळायचंय, मग समुद्र आहे, मग खूप लांब जायचंय. तिथे तुझ्या ओळखीचं कुणी नाही. मी आहे. येशील?"

तुकडे पडले. एक सपाट, एक फुगीर.

"अंकल, हाणा!" रिक्षात चढता चढता ती ओरडली. झैनोलने मान वाकडी करून अशी हाणली, की चुलिया रस्त्यावरच्या मोटारी बाजूला झाल्या. "आई, उजवीकडे! आई, आता डावीकडे! घट्ट धर!" मागून झैनोलही प्रत्येक वळणाला घंटा वाजवत होता, न जाणो ऐकू गेलं नाही तर.

तीन वाजून सत्तावीस मिनिटांनी ती फाटकात पोचली. पहारेकऱ्याने छत्री मिटायला सांगितली. ती नाही म्हणाली. त्याने घड्याळ बघितलं, तिचं तोंड बघितलं, आणि नाद सोडला. पाटी तेवढी तपासणीच्या यंत्रातून जायलाच हवी होती.

"आई, थोडा अंधार आहे, घाबरू नकोस. मी पलीकडे उभी आहे," ती म्हणाली आणि धावत पलीकडे जाऊन हात पसरून उभी राहिली. लाल कापड बाहेर आलं, तसं तिने ते उचलून पुन्हा छत्रीखाली घेतलं.

जहाजाच्या शिडीवर शेरील तिच्या मागेच होती.

"आई, शिडी आली," गेक सिम म्हणाली. "जहाजावर चढतोय. अंडी आणायला नाही."