एकल कलावंत

नादवेल कला प्रतिष्ठानाकडे केलेला तिसरा अर्जही परत येणार, अशी मनाची तयारी सपनाने आधीच करून ठेवली होती. पहिल्या वर्षी त्यांनी कळवलं होतं की गाणी पारंपरिक नाहीत, कारण ती तिच्या वडिलांनी रचलेली आहेत. दुसऱ्या वर्षी कळवलं की गाण्यांत नवनिर्मिती दिसत नाही, कारण ती वडिलांची आहेत. दोन्ही पत्रांखाली सही एकाच माणसाची होती आणि दोन्हींत तिच्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा होत्या.

वडील म्हणजे शाहीर भिका. धुळ्याच्या आसपास भीमजयंतीचा असा मंच नसेल जिथे आबा गायले नाहीत. सायकलला डफ अडकवून ते गावोगाव जायचे, तिथे जे घडलेलं ऐकायचे त्याचं गाणं करायचे आणि पुढच्या गावात गायचे. बायको द्रौपदाबाई मागे झील धरायची. परकर-पोलक्यातली सपनाही तिच्या शेजारी उभी राहून शेवटची ओळ ओढायची. आणि ढोलकीला छगन. सोनगीरला भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करणारा हा माणूस आबांबरोबर पहिल्या दिवसापासून होता. आबा गेले तेव्हा सपना लग्न मोडून माहेरी आलेली होती आणि एका खाजगी शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवत होती. तेरावं, दिवस असलं काही त्यांच्यात नव्हतंच. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, तेव्हा छगनने ढोलकी पुढे ओढली आणि म्हणाला, "म्हन पोरी. आबानं गानं बंद पडाले नको." त्या दिवसापासून ती पुढे उभी राहून गात होती.

तिसऱ्या वर्षी पलक भेटली. पलक प्रतिष्ठानाची खानदेशातली समन्वयक. जळगावात दाणाबाजारात तिच्या घरच्यांची पिढीजात पेढी, पण ती पुण्यात शिकून आलेली आणि मनापासून या कामात पडलेली. पिंप्राळ्यातल्या एका सभागृहात तिने 'अर्ज कसा लिहावा' असं शिबिर घेतलं. चहाच्या सुट्टीत तिने सपनाचा जुना अर्ज वाचला आणि हसली.

"सपनाताई, तुम्ही सगळीकडे 'आम्ही' लिहिलंय. आम्ही गातो, आम्ही गावोगाव जातो. ही योजना एकल कलावंताची आहे. 'मी' लिहा."

"पण मी एकटी कुठे गाते?"

"गाता तुम्हीच ना? बाकीचे साथीला. साथीदारांचा रकाना वेगळा आहे, खाली."

सपनाला ते पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. रविवारी छगन सरावाला आला तेव्हा तिने विषय काढला. तो ढोलकीची दोरी ओढत होता. "लिख ना," तो म्हणाला. "नाव तुनं लिखं म्हनीसन मना हात थोडाच तुटतस?"

तिने 'मी' लिहिलं. एकदा हात बसल्यावर ते भराभर लिहून झालं. मी गाते, मी जपते, मी पुढे नेते. वाचून पाहिलं तेव्हा तिला स्वतःचाच हेवा वाटला.

महिनाभरात मुलाखतीला बोलावणं आलं, तेही संगणकावरच. पडद्यावर परीक्षकांचे तीन चेहरे होते. त्यांना विहिरीचं गाणं फार आवडलं होतं. आबांचं ते सगळ्यात गाजलेलं गाणं, 'पानी इचारत नही रे, दोर इचारस जात.' एका बाईंनी ती ओळ स्वतः म्हणून दाखवली आणि डोळे मिटले. मग त्या म्हणाल्या, "फक्त तिसऱ्या कडव्यात एका गावाचं आणि एका माणसाचं नाव येतं. त्यामुळे गाणं तेवढ्यापुरतं होतं. कला घटनेच्या पलीकडे जाते, नाही का?"

"घडलं तसं आबांनी लिहिलंय," सपना म्हणाली.

"अर्थातच. आम्ही कुठलाही आग्रह धरत नाही. तुम्हाला काय वाटतं, एवढंच विचारतोय."

तिघेही तिच्याकडे बघत राहिले. "हो," सपना म्हणाली, "जाते पलीकडे."

अनुदान मिळालं. तिने आईला पेढा दिला आणि कडव्याचंही सांगून टाकलं. द्रौपदाबाईंनी पेढा हातातच धरला. "त्या कडव्यापायी तुझ्या आबाच्या डोक्यात काठी बसली होती," त्या म्हणाल्या. "शुद्धीवर आल्यावर पयलं तेच कडवं म्हटलं त्यानं. दवाखान्यात."

"माय, फक्त रेकॉर्डमध्ये नाही. स्टेजवर गाईनच की मी."

द्रौपदाबाई पेढा खाऊन हात धुवायला गेल्या.

प्रतिष्ठानाने संगीत संयोजनासाठी ललित नावाचा मार्गदर्शक दिला होता. तो मुंबईहून आला. हसरा माणूस, कुणाला अरे-तुरे न करणारा. ध्वनिमुद्रण जळगावात होतं. छगन सकाळच्या एसटीने आला, ढोलकी बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. आतल्या गार हवेत ढोलकीचा सूर उतरतो म्हणून तो ती मांडीवर घेऊन सारखा शाईवर तळवा घासत बसला. मग वाजवली. विहिरीच्या गाण्यात एक जागा होती. दोर विहिरीत सुटतो तिथे तो नुसत्या डाव्या हाताने घुमारा काढायचा. ती जागा आली तेव्हा काचेपलीकडे ललितने दोन्ही हात वर केले. "क्या बात है, काका!"

जेवणानंतर त्याने सपनाला बाजूला घेतलं. "काका ग्रेट आहेत. पण ढोलकी आली की सगळं जयंतीचं, मिरवणुकीचं वाटायला लागतं. तुमच्या आवाजातली वेदना दबून जाते. मला गिटार आणि खाली अगदी बारीक चेलो ऐकू येतोय. तुम्ही फक्त डोळे मिटून गा."

"पण हे गाणं ढोलकीवरच बांधलंय."

"म्हणूनच सोडवून बघू या. नाही आवडलं तर परत लावू."

त्याने सोडवून दाखवलं. सपनाने कानांवर हेडफोन लावून स्वतःचा आवाज ऐकला. असा तो तिने कधीच ऐकला नव्हता. एवढा एकटा, एवढा स्वच्छ. तिला रडू आलं आणि तिचं रडणं पाहून ललितला वाटलं, जमलं. तिलाही तसंच वाटलं, हेच खरं.

बाहेर बाकावर छगन बसला होता. "काका, तुमचं काम झालं," ती म्हणाली. "बाकीचं ते मशीनवर करतील."

"इतलं लवकर?" त्याने ढोलकी लुगड्यात घेतली. "मनं वाजाडेल ठेवतीन ना?"

"ठेवतील ना."

ती स्टँडपर्यंत पोचवायला निघाली तर त्यानेच परत पाठवलं. आत काम चालू आहे, तू थांब म्हणाला.

सहा गाण्यांचा संच निघाला. नाव 'पाणवठ्याची गाणी' आणि खाली बारीक अक्षरांत 'खानदेशी स्त्रीमनाचे तरल सूर'. प्रकाशन जळगावातच झालं. व्यासपीठावर पुढे सपना एकटी, पैठणीत, मागे गिटारवाला आणि मोठ्या व्हायोलिनसारखा चेलो घेतलेला एक मुलगा. द्रौपदाबाई आणि छगन मागच्या रांगेत बसले. विहिरीचं गाणं सुरू झालं, दोर सुटायची जागा आली, तिथे चेलोचा एक लांब सूर आला आणि सभागृह स्तब्ध झालं. टाळ्या थांबेनात. दिवे लागले तेव्हा छगनची खुर्ची रिकामी होती.

"त्याला एसटी गाठायची होती," द्रौपदाबाई म्हणाल्या. मग घरी येताना, गाडीत, खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "कडवं गेलं, ढोलकी गेली. आवाज मात्र तुझा छान आला."

पुढचं वर्ष सपनाचं होतं. पेपरात फोटो आले, शाळेत मुख्याध्यापक तिला ताई म्हणू लागले, दोन मोठ्या शहरांत कार्यक्रम झाले. एप्रिलमध्ये जयंतीला छगन नेहमीसारखा आला, वाजवलं, जय भीम केला आणि गेला. पूर्वी सम आली की तो मान वर करून तिच्याकडे बघायचा. या खेपेला त्याने ढोलकीवरून नजर उचलली नाही. रेकॉर्डमध्ये ढोलकी ठेवली की नाही, ते त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मग प्रतिष्ठानाने तिला निवड समितीवर घेतलं. अनुदान मिळालेला एक तरी कलावंत समितीवर असावा, असा त्यांचा नियम होता. दुसऱ्या टप्प्याच्या अनुदानासाठी तिचा स्वतःचा प्रस्तावही त्याच लोकांपुढे होता, पण तो वेगळ्या दिवशी, ती नसताना, असं पलकने स्पष्ट सांगितलं होतं.

बैठक पिंप्राळ्याच्या त्याच सभागृहात होती. दुपारी एक अर्ज पुढे आला. अर्जदार छगन, राहणार सोनगीर. गल्लीतल्या पोरांना ढोलकी शिकवायची आहे, चार ढोलक्या आणि एक पत्र्याची खोली पाहिजे. मोबाईलच्या दुकानातून टाइप करून घेतलेला, वेलांट्या इकडच्या तिकडे झालेला अर्ज. सपनाला त्यातलं काही माहीत नव्हतं. आजवरच्या कामाचा पुरावा म्हणून त्याने एकच गोष्ट लिहिली होती, 'पाणवठ्याची गाणी, ढोलकी मी वाजवली'.

"अरे, हे तर आपलंच!" एक परीक्षक म्हणाले आणि त्यांनी गाणं लावलं. गिटार, चेलो, सपनाचा आवाज. त्यांनी दुसरं लावलं, मग तिसरं.

"यात ढोलकी नाहीच," मुलाखतीतल्या त्याच बाई म्हणाल्या.

"लोक हल्ली असं जोडतात," परीक्षक म्हणाले. त्यांना राग आला नव्हता, गंमत वाटली होती. "सपनाताई, ओळखता का यांना?"

पलकने मान खाली घातली आणि लॅपटॉपवर काहीतरी शोधू लागली. तिला सगळं ठाऊक होतं. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी स्टुडिओत छगनला जेवण तिनेच वाढलं होतं.

"ओळखते," सपना म्हणाली. "ढोलकी वाजवतात. चांगली वाजवतात."

"पण हे खोटं लिहिलंय का त्यांनी?"

उत्तर साधं होतं. त्यांनी वाजवलं होतं, आम्ही काढून टाकलं. मग प्रश्न आला असता, कुणी काढलं, तुम्ही काही बोलला नाहीत का, आणि हे अनुदान कुणाच्या कामासाठी दिलं होतं. तिच्या डोळ्यांपुढे तिचा स्वतःचा प्रस्ताव आला. त्यातही सगळीकडे 'मी' होतं.

"गैरसमज झाला असेल त्यांचा," ती म्हणाली.

"होतं असं," बाई समजुतीने म्हणाल्या. "वय झालं की होतं." पुढचा अर्ज घेतला गेला.

संध्याकाळी बसस्टँडवर पलक तिच्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, मी बोलायला हवं होतं. पण तुम्ही बोलाल असं मला वाटलं." सपनाने बस लागली म्हणून सांगितलं. बस लागलेली नव्हती. ती उगाच फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेली.

छगनचा फोन पंधरवड्याने आला. निकालाबरोबर प्रतिष्ठानाने समितीचा फोटोही टाकला होता आणि सोनगीरच्या त्या दुकानातल्या माणसाने तो त्याला दाखवला होता.

"पोरी, मनं नही व्हयनं म्हने."

"हो काका. कळलं."

"तू व्हती ना तठे?"

"होते."

पलीकडे कारखान्यातला खणखणाट ऐकू येत होता. "त्या काय म्हनेत?" त्याने विचारलं. "वाजाडता येत नही म्हनेत का?"

"नाही, तसं नाही म्हणाले."

"मंग काय म्हनेत?"

तिने सांगितलं की पुराव्याची अडचण झाली. तिच्याकडून एवढंच निघालं. मग तो म्हणाला की चाळीसगावच्या कुंदाबाईच्या गायन पार्टीला ढोलकीवाला पाहिजे आहे, त्यांनी बोलावलंय, एप्रिलपासून तो तिकडेच जाणार. तू तुनं बघी ले. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला भांडता आलं असतं.

तिने फोन ठेवला. द्रौपदाबाई ओट्यापाशी भाकरी थापत होत्या. त्यांनी मागे न बघता विचारलं, "छगन होता?"

"हो. कुंदाबाईकडे चाललाय तो."

द्रौपदाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "त्यांना झील धरायला बाई लागते का, विचारलं असतंस," त्या म्हणाल्या. सपनाला वाटलं आई चिडवतेय. ती नव्हती चिडवत. मार्चअखेर आईने पिशवी भरली, दोन पांढरी पातळं घेतली आणि चाळीसगावच्या गाडीत बसली. त्याच आठवड्यात सपनाला दुसऱ्या टप्प्याचं अनुदान मंजूर झाल्याचं पत्र आलं.