रेजियसची ओळ

"सर, ही ओळ रेजियस भुंग्यांची?" करुणानं विचारलं, आणि मी चहाचा ट्रे ठेवता ठेवता पेटीत डोकावले.

"अर्थात!" आमचे हे खुर्चीतूनच म्हणाले. "बोट लावून बघ ना. नराच्या कपाळावर बेचकीसारखं शिंग. मादीचं डोकं खुरप्यासारखं."

शिंग होतं. पण भुंगा पिवळट होता, आणि रेजियस म्हणजे पांढऱ्यावर काळे पट्टे, एवढं तर ह्यांच्या घानातल्या मास्तरकीत मीही शिकले होते. तळहात भरेल एवढे मोठे हे मेले भुंगे! परतताना माझ्या साड्या तिथंच राहिल्या, भुंगे मात्र पुंडलिकनगरात आले.

जुन्या पेटीला बुरशी लागली म्हणून ह्यांनी परवाच सगळे नव्या पेटीत लावले. एकट्यानं, आतून कडी घालून. मला हात लावू दिला नाही. आता कळलं का ते! नर-मादी बिनचूक, पण वर रेजियस, खाली कॅसिकस अशा दोन जातींची पार सरमिसळ. घडण सारखीच, फरक रंगाचा, आणि रंगच ह्यांना दिसत नव्हते.

डोळे अधू झालेत हे मला ठाऊक होतं. चहा कपाबाहेर ओतणाऱ्या माणसाचं काय लपतंय? पण इतके? करुणा पुण्याच्या संग्रहालयातून आली होती. वर्गीकरण पक्कं असेल तरच संग्रह ह्यांच्या नावानं अभ्यासाला ठेवणार, नाहीतर शोभेच्या कपाटात.

"सर, एकदा परत बघू या?"

"का? चुकलंय?" ह्यांचा आवाज चढला. "जन्मभर हेच शिकवलं मी!"

करुणानं माझ्याकडं बघितलं.

"अहो, मीच घोळ घातला," मी म्हणून टाकलं. "काल पुसताना हलवले."

ह्यांचा हात खिशाकडं गेला.

"उमा, पेटीची किल्ली परवापासून माझ्याच खिशात आहे." मग हळूच, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"दिवाळीपासून."

"बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठं बोललात?" मला रडूच फुटलं.

ह्यांनी शेजारची खुर्ची चाचपून ओढली. "बस इथं. रंग सांग."

मी पदरानं डोळे पुसले. "पिवळट. खांद्यावर काळा ठिपका."

"कॅसिकस," करुणा तोंड उघडायच्या आत हे म्हणाले. टाचणीला धरून भुंगा उचलला. बोटं खालच्या ओळीत रिकामी जागा शोधत राहिली. करुणाचा हात पुढं झाला, तो मी धरून ठेवला. जागा सापडेपर्यंत आम्ही दोघी हललो नाही.