भोंग्याचा खांदा

कागद कारखान्याची पहिली पाळी दुपारी तीनला सुटायची आणि सव्वातीनला मागच्या अंगणात आठ माणसं एका दोराला लटकलेली दिसायची. दोराचं दुसरं टोक रिळांच्या गाडीला बांधलेलं. गाडीवर कागदाची तीन रिळं. माणसं घामाने निथळायची, टाचांनी जमीन उकरायची, आणि गाडी आपली जिथल्या तिथे.

दीड वर्षापूर्वी हीच गाडी पाच रिळांसकट सरकायची. कारखान्यांच्या रस्सीखेचीत यांचं नाव पुकारलं की बाकीचे संघ दुसऱ्या क्रमांकाचा हिशोब करायला बसत. कारण हा संघ मैदानावर जमलाच नव्हता, तो यंत्राशी जमला होता. ओला कागद ज्या जाड लोकरी पट्ट्यावरून पुढे जातो तो पट्टा झिजला की बदलावा लागतो, आणि नवा चढवायला आठ जणांनी एका दमात ओढावं लागतं. तीच आठ माणसं, तोच दम. नववा हाक देणारा. त्याला सगळे भोंगा म्हणत. पाळीचा भोंगा बिघडला तर दुरुस्त करू नका, याला गच्चीवर उभा करा, असं साहेबसुद्धा म्हणायचे.

मग एका दुरुस्तीच्या दिवशी वाफेची मोठी नळी फुटली. तीन ओढणारे गेले, आणि चौथा भोंगा.

त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात भोंग्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. दोराच्या शेवटी पाय रोवून उभा राहणारा फिटर, ज्याला सगळे खुंटा म्हणत, तो तिच्यासमोर गेला. तोंडातून निघालं, "वहिनी, संघ उभा राहील." माणूस अशा वेळी काहीही बोलतो आणि ऐकणारा ते धरून बसत नाही. पण खुंट्याने स्वतःच ते धरलं. देवाच्या दारात दिलेला शब्द समजून धरलं.

पहिल्या वर्षी संघ गेलाच नाही, कोणाच्या पायांत बळ नव्हतं. आता नियम असा की सलग दोन वर्षं न आलेला संघ यादीतून कायमचा जातो. स्पर्धेला तीन आठवडे उरले होते.

खुंट्याने तिघे नवे गोळा केले. खानावळीचा आचारी, मालट्रकचा ड्रायव्हर आणि भांडारातला जाडजूड कारकून. हाक द्यायला फाटकावरचा पहारेकरी आणला, कारण भोंग्यानंतर कारखान्यात मोठा आवाज त्याचाच. तो "खेच" म्हणाला की छपरावरची कबुतरं उडायची. उडायची ती कबुतरंच. नवे तिघे ओढायचे आणि जुने पाच क्षणभर मागाहून. रोज तेच. जुन्यांना वाटायचं नव्यांना घाई आहे. नव्यांना वाटायचं जुन्यांचं मन लागत नाही, पण तसं तोंडावर कसं म्हणायचं? शेवटी आचाऱ्याने दोर खाली टाकला आणि विचारलं, की तुम्ही पाच जण दुसऱ्या पाळीला आहात का, म्हणजे आम्ही तशी वाट बघतो.

कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी खुंटा कागद निवडायच्या दालनात गेला. लांब टेबलांवर बायका एकेक ताव उजेडाकडे धरून बघत होत्या. डाग दिसला की डावीकडे, स्वच्छ असला की उजवीकडे. वहिनी खिडकीजवळच्या टेबलाला होती. खुंट्याने तिला मान खाली घालून सगळं सांगितलं. नवे लोक चांगले आहेत, पहारेकऱ्याचा आवाजही दणदणीत आहे, पण जमत नाही, आणि उद्या आपण नाव मागे घेणार. मी तेव्हा जिन्यात बोललो ते बोलायला नको होतं, असंही म्हणाला.

वहिनीने चार ताव उजवीकडे ठेवले, एक डावीकडे. मग विचारलं की सराव किती वाजता असतो.

सव्वातीनला ती अंगणात येऊन भिंतीशी उभी राहिली. पहारेकऱ्याने हाक दिली, कबुतरं उडाली, गाडी तिथेच. वहिनी दोराकडे बघतच नव्हती. ती पाच जुन्यांच्या डोळ्यांकडे बघत होती, ताव उजेडाला धरून डाग शोधावा तशी. तीन हाका झाल्यावर ती पुढे आली.

"भावजी, तुम्ही याच्या तोंडाकडे का बघत नाही? पाचही जण खांद्याकडे बघताय."

खुंटा म्हणाला, "खांद्याकडे? नाही हो. आम्ही हाक ऐकतो."

"कशाने ऐकता? वीस वर्षं यंत्राशेजारी काढलीत, कान आहेत कुठे तुम्हाला? तिथे यांचा आवाज कोणाला ऐकू गेला असेल? हे बोलायच्या आधी डावा खांदा उचलायचे. घरीसुद्धा. चहा मागायचा झाला तरी आधी खांदा. मी कप पुढे केला की म्हणायचे, मी मागितला कुठे."

बोलता बोलता, नुसतं दाखवायचं म्हणून, तिने आपला डावा खांदा उचलला.

पाच माणसं मागे झुकली. हाक नाही, इशारत नाही, कोणी ठरवलं नाही. गाडी करकरली आणि वीतभर सरकली. आचारी तयारीत नव्हता, तो उताणा पडला आणि पडल्या पडल्या म्हणाला, "वहिनी, पुढच्या वेळी आम्हालाही आमंत्रण द्या."

मग सगळे हसले. खुंटाही हसला, पण त्याने तोंड गाडीकडे फिरवलं होतं. इतकी वर्षं ते त्या आवाजाचा अभिमान मिरवत होते, आणि चालत होते खांद्यावर. देणाऱ्याने त्या माणसाला दोन देणग्या दिल्या होत्या. एक सगळ्यांना ऐकू येणारी, आणि एक जिचं काम मुकाट्याने चालायचं.

पहारेकऱ्याला शिकवून बघितलं. त्याचे दोन्ही खांदे एकदम वर जायचे, थंडी वाजल्यासारखे. दोन दिवसांनी तो स्वतःच म्हणाला की माझा नाद सोडा, या बाईंना उभं करा. वहिनी तयार झाली, पण आपली अट घालून. ओरडणार नाही. आणि त्यांच्यासारखं कर म्हणून कोणी सांगायचं नाही, माझं मला येईल तसं करीन. त्या दिवसापासून तीन आठवडे संपेपर्यंत सव्वातीनची वेळ तिने एकदाही चुकवली नाही. शेवटच्या दिवशी गाडीवर पाच रिळं होती.

स्पर्धेत शेवटची लढत लोखंड ओतणाऱ्यांशी पडली. दंड असे की सदऱ्याच्या बाह्या उसवलेल्या. त्यांचा हाक देणारा वहिनीला बघून आदराने म्हणाला, "ताई, बघणाऱ्यांची जागा तिकडे आहे."

"मला इथूनच चांगलं दिसतं," वहिनी म्हणाली.

पहिली ओढ गेली. ड्रायव्हरने ऐन वेळी गर्दीकडे बघितलं, तेवढंच पुरलं. खुंट्याने त्याला काही म्हटलं नाही, फक्त त्याची हनुवटी धरून वहिनीच्या दिशेला वळवली. दुसरी ओढ यांनी घेतली.

तिसऱ्या ओढीला दोर मधोमध अडकून राहिला. इकडे नाही, तिकडे नाही. खुंट्याच्या पाठीतून कळा निघत होत्या. लोक उठून उभे राहिले आणि सगळं मैदान इतकं गर्जायला लागलं की ओतणाऱ्यांच्या माणसाची हाक त्यातच बुडाली. तो ओरडत होता, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, आणि त्याची माणसं माना वळवून विचारत होती, काय म्हणाला?

कागदवाल्यांना त्या गर्जनेचं काय? ती तर रोजचीच. ते आठही जण शांत होते, यंत्राशेजारी असावेत तसे, आणि सोळा डोळे एका बारीकशा बाईच्या डाव्या खांद्यावर होते.

खांदा उठला. दोर हातभर आला. पुन्हा उठला, पुन्हा हातभर. आचारी, कारकून, ड्रायव्हर, जुने पाच, यांत नवं कोण आणि जुनं कोण हे आता त्यांच्या आयांनाही ओळखू आलं नसतं. पाचव्यांदा खांदा उठला तेव्हा समोरचा पहिला गडी रेघ ओलांडून गुडघ्यांवर आला.

ओतणाऱ्यांचा हाक देणारा सगळ्यांत आधी वहिनीपाशी आला आणि त्याने वाकून नमस्कार केला.

ढाल घ्यायला नऊ जण मंचावर गेले. कारखान्याचं नाव पुकारलं, तेव्हा खुंटा भलत्याच ताठ मानेने उभा होता. त्याने दिलेला शब्द त्याच्या शेजारीच उभा होता, आठ माणसांचा, घामेजलेला, धापा टाकणारा.

खाली उतरल्यावर सगळे दोराच्या वेटोळ्याभोवती बसले. पहारेकऱ्याने किटलीतून चहा आणला होता. वहिनी ढालीवरची धूळ रुमालाने पुसत होती. पुसता पुसता ती थांबली, समोर बघितलं, आणि तिचा डावा खांदा किंचित वर आला.

खुंट्याने लगेच कप पुढे केला.

"मी मागितला कुठे?" वहिनी म्हणाली, आणि कप घेतला.