हात काढला की गुंऽऽ

मी कौमुदीची इलेक्ट्रिक गिटार बोलतेय. मध्येच गुंऽऽ असं ऐकू आलं तर तुमचे कान ठीक आहेत, दोष माझाच. निदान कालपर्यंत घरात सगळे तसंच धरून चालले होते. मीसुद्धा.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. डोळे उघडले ते रावपुऱ्यातल्या दुकानात, काचेमागे. कौमुदी तेव्हा कॉलेजात होती. बरोबर आलेले तिचे बाबा म्हणाले, "बडोद्यात राहून सतार सोडून हे काय घेतेस?"

"सतारीला प्लग नसतो, बाबा."

मला ती तिथेच आवडली.

कॉलेजची वर्षं मजेत गेली. मग तिचं लग्न झालं, सुभानपुऱ्यातला फ्लॅट आला, आणि मी कपाटावर गेले. शेजारी मोदकपात्राचा खोका. खंडेनवमीला मात्र सासूबाई, प्रेमलाताई, मला खाली काढायला लावायच्या. मिक्सर, कात्री, कौमुदीच्या नवऱ्याचा, उन्मेषचा लॅपटॉप आणि मी, अशा ओळीने बसायचो आणि कुंकू लावून घ्यायचो.

या वर्षी पूजेनंतर मी वर गेले नाही. समोरच्या नलिनीबेननी दारातच विचारलं, "कौमुदीबेन, शरद पुनमला आपल्या सोसायटीच्या गरब्यात वाजवशील ने? जूना फोटामां गिटार जोई में तारी." शरद पुनम म्हणजे कोजागिरी, आणि जुन्या फोटोत त्यांनी मला पाहिलं होतं. कौमुदी हो म्हणाली. दार लावलं आणि म्हणाली, "मी हो का म्हटलं?"

यंदा मुलगा, हेरंब, झाल्यापासून ती प्रत्येक गोष्टीला असंच विचारते. त्याला खिमटी जास्त झाली का, मोजे घट्ट आहेत का, आपण आई म्हणून जरा कमी पडतो का. हे शेवटचं मोठ्याने नाही, पण माझ्या तारांखाली चुंबकं आहेत. मला बरंच काही ऐकू येतं.

तीच माझी अडचण. ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, चार्जर, सगळ्यांची कुजबुज मी गोळा करते. पण यावेळी कुजबुज नव्हती, भुंगा होता. कौमुदीने अँप्लिफायर लावला आणि मी जी गुंऽऽ सुरू झाले ती थांबेना.

आवाज आला की माणसं आधी आपापला अपराध शोधतात, हे मला नवीनच कळलं.

"मी कुंकू लावलं त्याचं तर नाही ना गं?" प्रेमलाताई.

"कपाटावर आडवी मीच ठेवली होती," उन्मेष म्हणाला.

"नाही रे. माझेच हात विसरलेत."

कौमुदीचं हे म्हणणं मलाही पटायला लागलं होतं, कारण एक विचित्र गोष्ट घडत होती. तिने तारांवर तळवा ठेवला की मी जवळजवळ शांत व्हायचे. हात काढला की पुन्हा गुंऽऽ. ठेवला, शांत. काढला, गुंऽऽ. तिने पंखा बंद करून पाहिलं, ट्यूब घालवली, वायर बदलली, तोंड भिंतीकडे करून बसली. फरक थोडाच.

"अगदी हेरंबसारखी आहेस," ती मला म्हणाली. त्याच्याही छातीवरचा हात काढला की तो कुरकुरतो.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी तिने फोन हातात घेतला. "नलिनीबेनना सांगून टाकते, दुसरं कुणी बघा. सगळ्यांसमोर ही अशी भुणभुणली तर..." मला वाटलं, झालं. परत मोदकपात्राशेजारी.

तेवढ्यात रांगता हेरंब खिडकीपाशी पोचला आणि लोंबणारी वायर त्याने जोरात ओढली. वरच्या बोर्डातून प्लग निसटून खाली आला.

"अगं बाई!" कौमुदीने फोन टाकून त्याला उचललं. तो हसत होता, ती त्याची बोटं तपासत होती.

हेरंब रांगायला लागल्यापासून तिने घरातल्या खालच्या सगळ्या सॉकेटांवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या. म्हणून अँप्लिफायरची वायर उंचावरच्या जुन्या बोर्डात, ज्याला दोनच भोकं. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून काम भागवलेलं. आता तो जोड तिच्या हातात होता. तिने उलटसुलट करून पाहिला. प्लगची तिसरी, जाड पिन त्यात शिरत होती, पण पलीकडे कुठेच पोचत नव्हती.

"अर्थिंगच नाही," ती हळूच म्हणाली. "म्हणून जमिनीऐवजी माझा हात लागतो तुला."

मग ती खालच्या सॉकेटपाशी बसली. चिकटपट्टी सोलणं तिला किती जड गेलं ते मी पाहिलं. सोलली. तीन पिनांचा प्लग नीट बसवला आणि अँप्लिफायर त्याच्यासमोर भिंतीला असा सरकवला, की हेरंबचं बोटसुद्धा मागे जाऊ नये. तीनदा तपासलं. चौथ्यांदा प्रेमलाताईंना तपासायला लावलं.

बटण दाबलं. एक तार छेडली. हात काढला.

माझी मूळची बारीक कुजबुज तेवढी राहिली, ती जन्माची आहे. बाकी शांत. कौमुदी हात हवेत धरून ऐकत होती. मग तिने फोन शोधला.

"नलिनीबेन? उद्या किती वाजता यायचं?"

आज पौर्णिमा आहे. मी दाराशी पिशवीत तयार उभी आहे. आत कौमुदी हेरंबला थोपटतेय, त्याला प्रेमलाताईंकडे ठेवून निघायचंय. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरात कुणी भुणभुणलं तर लगेच स्वतःचे हात तपासू नका. आधी भिंतीत तिसरी पिन पोचतेय का, ते बघा.

तिने हेरंबवरचा हात काढलाय. मी ऐकतेय. आतून काहीच आवाज नाही.