चार बोटांची फट

"आधी पलंग हलव," आई म्हणाली. अजून चप्पलही काढली नव्हती.

"पाणी तरी पी."

"पाणी कुठे पळून जात नाही. तुझा पोरगा जाईल."

माझा दीड वर्षाचा मुलगा तिच्या पायांना विळखा घालून उभा होता. त्याला कडेवर न घेता ती त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या उंचीवरून खोली न्याहाळू लागली. हे ती कुणाच्याही घरी करायची. लहान मुलांच्या वॉर्डात ती बत्तीस वर्षं नर्स होती; निवृत्त झाल्यावरही जिथे मूल असेल तिथे आधी खिडकी बघायची, बाळ नंतर. आमच्या जुन्या गल्लीत तिला खिडकीवाली सिस्टर म्हणत. शेजारच्या काकू तिला येताना पाहून आत ओरडायच्या, "अगं, स्टुलं उचला, तपासणी आली!" सगळे हसायचे. तीही हसायची आणि हसता हसता खिडकीखालचं स्टूल उचलून बाजूला ठेवायची. तेरा-चौदा वर्षांची असताना मला तिच्याबरोबर कुठे जायची लाज वाटायची.

"आधी पलंग, मग उशी, मग खिडकी," ती खाली बसूनच म्हणाली. "जिना करून दिलायस त्याला."

"जाळी आहे ना."

"जाळी डासांना अडवते, पोरांना नाही. वॉर्डात निम्म्या पोरांच्या आया हेच सांगायच्या."

पाचव्या मजल्यावरच्या या घरात येऊन आम्हाला तीन आठवडे झाले होते. तिने पिशवीतून जुन्या झाडूचा कापलेला दांडा काढला आणि सरकत्या काचेच्या खाचेत आडवा बसवला. आता काच चार बोटांपुरतीच उघडत होती. तिने स्वतःची बोटं फटीत घालून पाहिली.

"शनिवारी ग्रिलवाला येईल, मी बोलून ठेवलंय. तोवर हा काढायचा नाही. आणि पोर गप्प झालं की आधी खिडकी बघायची."

"आई, तुला सगळीकडे पडलेली मुलंच दिसतात."

"बत्तीस वर्षं तीच बघितली. दुसरं काय दिसणार?"

मग ती पाणी प्यायली आणि बस चुकेल म्हणून निघाली. पलंग तसाच राहिला. रविवारी बघू, असं मी म्हटलं होतं.

दुपारी खोली तापली. मी दांडा काढला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऑफिसच्या फोनवर बोलत होते. आत मुलगा ठोकळे आपटत होता. आपटणं थांबलं. मला बरंच वाटलं, समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येऊ लागलं. मग आईचं वाक्य आठवलं, आणि वैतागून, फोन कानाला तसाच धरून, मी आत गेले.

तो खिडकीच्या कट्ट्यावर गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही तळवे आणि कपाळ जाळीला टेकवलेलं. जाळीचा खालचा कोपरा सुटून बाहेरच्या बाजूला फुगला होता. मी हाक मारली नाही. हाक मारली तर तो वळेल, एवढंच सुचलं. पाच पावलं असतील. आधी घोटा हातात आला, मग चड्डी, मग सगळा तो. तो चिडून रडायला लागला. खाली कुत्रं होतं, ते त्याला बघायचं होतं. जमिनीवर पडलेल्या फोनमधून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

मी दांडा पुन्हा बसवला. पलंग एकटीने समोरच्या भिंतीपर्यंत कसा ओढला, आठवत नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"दांडा जागेवर आहे ना?"

"आहे."

"पलंग?"

"हलवला."

"शहाणी गं माझी. काही झालं नाही ना?"

"काय होणार? हवा येत नाही तेवढी. उकडतं नुसतं."

"हवेचं बघू काहीतरी. उगाच डोकं खाते ना मी तुझं?"

"थोडं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी दूध तापवताना ती ओट्याशी कोसळली. शेजारच्या काकूंनी धावत येऊन गॅस बंद केला. डॉक्टर म्हणाले, तिला काही कळलंही नसेल.

त्या शनिवारी ग्रिलवाल्याला मीच येऊ नका म्हणून कळवलं, कारण सांगितलं नाही. तो पुढच्या शनिवारी आला.

"सिस्टर नाहीत?" त्याने दारातूनच विचारलं.

मी सांगितलं. ड्रिलची पेटी हातात धरून तो तसाच उभा राहिला.

"अहो, आत्ता तर फोनवर भांडल्या माझ्याशी. म्हटलं, चार बोटांची फट ठेवतो. तर म्हणाल्या, तुझी नाही, माझी. तुझी बोटं म्हणजे केळी आहेत."

मी हसले. त्या दिवसांत पहिल्यांदाच.

त्याने गज उभे बसवले, आडवे बसवले तर पोरं पाय ठेवून चढतात म्हणून. प्रत्येक फटीत माझी बोटं घालायला लावून खात्री करून घेतली. शेवटचा स्क्रू घट्ट करताना तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "वीस वर्षं कुणाकुणाच्या दारात उभं केलं त्यांनी मला. एकाही घरात कधी काही घडलं नाही. लोक मागून म्हणायचे, सिस्टरचं आपलं उगाच. एकदा त्यांनीच मला विचारलं, अरे, आपल्यामुळे एखादं तरी वाचलं असेल का रे? आता मी काय सांगणार, ताई? मला तरी कसं कळणार?"

मुलगा माझ्या कडेवर होता आणि नव्या गजांकडे हात लांब करत होता. मी त्याला आवळून धरलं. ग्रिलवाला माझ्याकडे बघतोय हे मला दिसत होतं, पण मी त्याच्याशी बोलत नव्हते.

"आई, त्या दुपारी मी दांडा काढला होता गं," मी म्हणाले. "हा चढला होता वर. जाळी सुटली होती. तू सांगितलं होतंस म्हणून मी आत गेले, आणि हा हाताला लागला. मी तुझ्याशी खोटं बोलले. एक वाचलं, आई. आपल्याच घरातलं."