गाडीवाटेचा चर

लढाईवरनं परतल्यापास्नं आकाराम तिसऱ्यांदा गाडीवाटेला आडवा चर खणत होता. वाटेवरचा चिखल चाकोऱ्यांतनं थेट पिण्याच्या विहिरीत उतरायचा. त्याची बायको रंगूबाई दुहेरी फडक्यातनं पाणी गाळून गाळून दमली होती. पण चरात गाडी आपटायची, म्हणून गाडीवान तो दगडांनी बुजवायचे.

केरबा गाडीवान गाडीत दगड घालूनच आला. "पलटणीतली खोदायची हौस फिटली न्हाई व्हय रं?"

"औंदा उथळ, उतरता खणलाय. हाकून बघ."

गाडी अलगद पार झाली.

"पर पाणी जाणार कुठं?"

"माझ्या उसात."

"लय गाळ साचंल की, गड्या."

"साचू दे. पोटात जाण्यापरीस रानात बरा."

केरबा दगड न उतरवताच गेला. आकाराम कंबर धरून वाटेवर पुढं आणखी एक चर खणायला वळला.