दोन इंच आत घेतलेला पट्टा

घाबरू नका, ड्रॉवरमधून येतोय तो आवाज माझाच. मी पोटाचा पट्टा. पँटवर मिरवतात तो नव्हे. ऑपरेशननंतर पोटाला बांधतात तो, रबरी धाग्यांचा, रुंद. मला अंगाच्या रंगाचा म्हणून विकतात, पण असा रंग मी अजून कुणाच्याही अंगाचा पाहिलेला नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका यंत्रानं विणलं, दुसऱ्यानं कापलं आणि एका बाईनं शेजारणीशी गप्पा मारता मारता माझ्या टोकाला वेल्क्रोची चिकटपट्टी शिवली. गप्पा रंगल्या असाव्यात, कारण पट्टीचा एक कोपरा बाहेरच राहिला. तो खरखरीत कोपरा एवढीच माझी ओळख. बाकी माझ्यासारखे हजारो आहेत.

हॉस्पिटलच्या कपाटात खोक्यात पडून असताना एक दिवस नर्सनं मला बाहेर काढलं. समोरच्या खुर्चीवर एक बाई बसली होती. तिचा धंदा शिवणकामाचा. गिऱ्हाइकं तिला टेलरबाई म्हणतात आणि थोरली बहीण अजून ‘ठमे’ म्हणते. चार वर्षांपूर्वी ती खरंच ठमी होती. मग हट्टाला पेटली, खाणं आवरलं, मैलोन्‌मैल चालली आणि निम्मी झाली. पण कातडीला कोण सांगणार? ती होती तेवढीच राहिली. पोटावरची घडी मांड्यांवर लोंबायची, घामानं आतून सोलवटायची, मशीनवर बसलं की मध्ये यायची. सगळ्या गावाचे कपडे मापात बसवणारी बाई स्वतः मात्र ढगळ झग्यात वावरायची.

डॉक्टरीणबाईंनी तिच्यापासून काही लपवलं नाही. “ही जादू नाही हं. कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण राहील, तो फिकट होईल पण जाणार नाही. आत पाणी साठू शकतं. जखम उघडू शकते, पिकू शकते. क्वचित पायात रक्ताची गाठ होते, म्हणून दुसऱ्या दिवसापासून चालायचं. आणि बेंबीखाली काही महिने बधिर राहील, काहींना कायमचंच.”

“आणि ही घडी जाईल?”

“घडी जाईल.”

“मग करा.”

“घरी कोण आहे बघायला?”

“बहीण आहे,” ती म्हणाली. बहीण होती, यात खोटं काही नव्हतं. फक्त बहिणीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला ती सांगणार होती की मी पंधरा दिवस मैत्रिणीकडे परगावी चाललेय.

मग नर्स टेप घेऊन आली, तर हिनं पर्समधून स्वतःचा काढला. नर्सनं सूज धरून एक माप मोठा पट्टा निवडला, म्हणजे मी. “जरा सैल नाही वाटत?” तिनं विचारलं. “असाच लागतो,” नर्स म्हणाली. तिचं समाधान झालं नव्हतं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आली तेव्हा मी तिच्या पोटाला होतो. दोन्ही बाजूंनी बारीक नळ्या निघाल्या होत्या आणि त्यांतलं लालसर पाणी डब्यांत जमत होतं. आठवड्यानं नळ्या निघाल्या आणि ती घरी आली, एकटीच, रिक्षात बसून. कमरेत वाकून एकेक पायरी चढली. दारावर ‘दुकान बंद’ची पाटी लावली आणि पडदे ओढून घेतले.

ते दिवस मी विसरणार नाही. समोरच्या खोलीत मशीन, कापडाचे गठ्ठे, आणि हँगरवर लोकांचे अर्धवट कपडे. मागच्या खोलीत ती, उशांवर टेकून. ताईचा फोन यायचा.

“काय गं, मजा चाललीय ना?”

“हो, मस्त.”

“आवाज का असा?”

“झोपले होते.”

फोन ठेवला की ती पुन्हा उशांवर टेकायची. दिवसभरात तिला कुणाचा हात लागायचा नाही. चोवीस तास तिला कवेत घेऊन असायचो तो मीच, आणि गंमत बघा, ते तिला कळायचंच नाही. बेंबीखालची कातडी बधिर. मी धरतोय की सोडतोय, सगळं तिला सारखंच. एवढं जवळ असून परकं राहणं काय असतं, ते मला विचारा.

दुसऱ्या आठवड्यात सूज उतरली आणि चिकटपट्टी टोकापर्यंत ओढूनही मी सैल पडलो. म्हणजे पडायला हवा होतो तेवढाच सैल. पण आयुष्यभर लोकांच्या कमरा आत घेणाऱ्या बाईला ते बघवेना. तिनं आरशासमोर उभं राहून मला चिमटीत धरलं. “बघा, दोन इंच उगीच,” ती आरशाला म्हणाली. खडूनं खूण केली, मला मशीनखाली सरकवलं आणि दोन टिपा मारल्या. अशी सरळ टीप कारखान्यातल्या बाईला जन्मात जमली नसती. खरं सांगतो, मी खूश झालो. इतकं मन लावून माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

पण अति तेथे माती. मी आता तिला धरत नव्हतो, आवळत होतो. दुसऱ्या कुणाला असं आवळलं असतं तर जीव कासावीस झाला असता, पण हिला दुखायला तर हवं! चौथ्या दिवशी बेंबीखाली, टाक्यांच्या अगदी मधोमध, कातडी जांभळी पडली. तिनं हातातल्या आरशात पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाली, “मुका मार असेल.” मला ओरडावंसं वाटत होतं. बाई, मार नाही, मी आहे! पट्ट्याला तोंड नसतं. जांभळ्याचं काळं झालं, मग टाक्यातून पाणी आलं, त्याला वास आला आणि तिच्या अंगात ताप भरला. माझ्या अंगातून तो ताप आरपार जात होता.

तिनं आधी डॉक्टरांचा नंबर लावला. “लगेच या, एकट्या येऊ नका,” तिकडून सांगितलं. तिनं फोन ठेवला. मग ताईचा नंबर लावला.

“ताई, येशील का?”

“कुठे? तू मैत्रिणीकडे आहेस ना?”

“घरी आहे. मी कुठे गेलेच नव्हते.”

“आले,” एवढंच.

ताई आली ती तोंडाचा पट्टा सोडूनच आली. “हात दाखवून अवलक्षण! पोट कापून घेतलंस आणि मला खोटं सांगितलंस?” बोलता बोलता तिनं बहिणीला कपडे घातले, चप्पल पायात सरकवली, काखेत हात घालून उठवलं. तोंड एक बोलत होतं, हात दुसरंच करत होते.

हॉस्पिटलात नर्सनं मला उलगडलं आणि टिपेवर बोट ठेवलं. “हे कुणी शिवलं?”

“मीच.”

“छान शिवलंय हो,” नर्स म्हणाली आणि डॉक्टरांना बोलवायला पळाली.

“इतका घट्ट? दुखलं नाही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“तिथं काही कळतच नाही.”

“म्हणून तर तो मापून दिला होता. मधली जागा तशीही नाजूक असते, रक्त तिथं कमी पोचतं. हे नुसत्या पट्ट्यानं झालं असं मी म्हणणार नाही, पण त्यानं मदत केली.”

मदत! उभ्या आयुष्यात माझ्याबद्दल डॉक्टर एवढंच बोलल्या. मला लाज वाटली आणि ती अजून गेलेली नाही.

काळी कातडी कापून काढली. जखम उघडी ठेवून रोज पट्टी बदलायची, तीही पाच-सहा आठवडे. ताई रोज यायची. माझी टीप तिनं पहिल्याच दिवशी उसवायला लावली. सुईच्या भोकांच्या त्या दोन ओळी अजून माझ्या अंगावर आहेत. एकदा पट्टी बांधताना धाकटी म्हणाली, “तू हसशील म्हणून सांगितलं नाही. चामडी कापायची हौस आलीय म्हणाली असतीस.”

ताईनं कापूस खाली ठेवला. “म्हणाले असते. हसलेही असते. पण आले असते ना गं.”

दोघीही रडल्या. मी मधेच होतो, थोडा भिजलो.

जखम भरली. मध्ये व्रण रुंद राहिला, बाकी कडेला रेघेसारखा आहे. पण ती ताठ बसते आता, मशीन पोटाला अडत नाही आणि उन्हाळ्यात सोलवटत नाही. तिनं स्वतःसाठी कमरेत बसणारा पहिला ड्रेस शिवला. मला मात्र धुऊन, वाळवून इथे ठेवलं, जुन्या चेन आणि बटणांबरोबर. वर्ष होत आलं. वर मशीन चालतं तेव्हा ड्रॉवर थरथरतो, तेवढीच सोबत. तक्रार करत नाही. पट्टा लागत नाही म्हणजे माणूस बरं आहे. माझं मागणं एकच. मला मापून दिलं असेल तेवढंच आवळा, आणि ज्या दिवशी बांधाल त्या दिवशी एका तरी माणसाला खरं सांगा.

परवा ती चेन शोधत होती आणि मी हाती लागलो. उभ्या उभ्या तिनं मला पोटाला लावून पाहिलं. माझा तो बाहेर राहिलेला कोपरा बेंबीखाली, त्या बधिर जागेवर घासला.

“आई गं!” ती दचकली. मग हळूच, मुद्दाम, तिथंच पुन्हा घासून पाहिला. मग फोन.

“ताई, टोचलं! अगं, मला टोचलं!”

“काय टोचलं?”

“पट्टा!”

“मग काढ की वेडे!”

ती हसली. डोळे पुसले आणि मला काढलं. इतके आठवडे तिला धरून होतो, पण मी तिला कळलो तो तेवढाच. तिनं माझी घडी घातली, कोपरा आत दुमडला आणि ड्रॉवर लावून घेतला.